उन्हाळ्यातली परसबाग : रोजच्या ६० लिटर पाण्यात किती वाफे जगतील?

परसदारी, लातूर · २४ जानेवारी

नमस्कार. गेल्या वर्षी घरामागच्या २४ बाय १२ फुटांच्या मोकळ्या जागेत मी हौसेने पाच वाफे केले होते. फेब्रुवारीत मेथी, पालक आणि कोथिंबीर इतकी आली की शेजारीपाजारी वाटूनही उरत होती. मार्च संपता संपता मेथी-कोथिंबीर फुलोऱ्यावर गेली, एप्रिलमध्ये मिरचीची फुले देठासकट गळू लागली आणि टोमॅटोची झाडे कमरेएवढी होऊन फुलांनी भरली, तरी मेअखेरपर्यंत त्यांना एकही फळ धरले नाही. वाळलेली झाडे मी उपटत असताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "इतक्या पाण्यात एक गाय जगली असती." त्यांना उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येते. बोअर आहे, पण त्याचे पाणी मचूळ आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. तो उन्हाळा ज्यांनी या गावात काढला, त्यांचा हात पिण्याच्या पाण्याची झारी भेंडीवर रिकामी करताना आजही आखडतो. म्हणून यंदा बी टाकण्याआधीच विचारते आहे. भाज्या, तांदूळ आणि डाळी धुतल्याचे पाणी, माठातले शिळे पाणी आणि नळाच्या दिवशी जास्तीचे भरून ठेवलेले पिंप असे सगळे धरले तरी रोज ६० लिटरच्या वर पाणी बागेला देता येणार नाही. एवढ्या पाण्यात काय लावावे आणि किती जागेत लावावे? जागेच्या पूर्वेला घर आहे, पश्चिमेची बाजू पूर्ण उघडी आहे आणि वायव्येच्या कोपऱ्यात एक कडुनिंब आहे.

काळी_माती, परभणी · २४ जानेवारी

ताई, प्रश्नातच तुम्ही पाण्याचा आकडा दिला आहे, त्यामुळे हिशेब मांडणे सोपे झाले. जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या उन्हातल्या, पानांनी भरलेल्या वाफ्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते आणि दुपारी झळा सुटल्या तर त्याहूनही जास्त जाते. १० बाय ३ फुटांचा वाफा सुमारे २.८ चौरस मीटरचा असतो, म्हणजे एका वाफ्याला रोज २० ते २२ लिटर पाणी लागणार. तुमच्या पाच वाफ्यांची गरज शंभर लिटरच्या पुढे जाते आणि हातात आहेत ६०. गेल्या वर्षीची बाग या हिशेबातच वाळली होती. ऊन फक्त निमित्त झाले.

माझा सल्ला असा की यंदा दोनच वाफे करावेत आणि तेही सपाट ठेवावेत. वाफा उंच उचलून करण्याची पद्धत पावसाळ्यासाठी चांगली आहे, पण उन्हाळ्यात असा वाफा चारही बाजूंनी सुकतो. आपल्याकडे तो जमिनीपेक्षा चार बोटे खालीच बरा, म्हणजे दिलेले पाणी बाहेर पळत नाही आणि आच्छादनही वाऱ्याने उडत नाही. उरलेल्या पाण्यात वेलींची तीन-चार आळी होतील.

टोमॅटोचे म्हणाल तर त्यात तुमची काही चूक नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिले आणि रात्रीही ते २४-२५ अंशांच्या खाली उतरले नाही, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. झाड हिरवे राहते, फूलही येते, पण फळ धरत नाही. अशा वेळी खत वाढवले की पाने तेवढी वाढतात. मिरचीचेही जवळपास असेच होते. उन्हाळ्यासाठी भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी, काकडी आणि तांदुळजा यांच्यावर भर द्यावा आणि त्यांचे बी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमिनीत जावे, म्हणजे ऊन तापण्याआधी मुळे खोल उतरतात. एप्रिलमध्ये लावलेले रोप मात्र पहिल्या दिवसापासून आजारीच असते.

भेंडीसाठी आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'परभणी क्रांती' हे वाण घरच्या बागेला चालते. पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारे वाण म्हणून ते गाजले. आता तो गुण पूर्वीइतका खात्रीचा उरलेला नाही, पण ते संकरित नसल्यामुळे दोन शेंगा झाडावर वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचे बी घरचे होते.

जुने_माळवद, अंबाजोगाई · २५ जानेवारी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण पाणी वरून ओतायचे असे गृहीत धरूनच तो केलेला आहे. आमच्या जुन्या वाड्यात आजी गळकी घागर कधी टाकून देत नसे. ती गळ्यापर्यंत मातीत पुरायची, तोंडावर फुटका परळ झाकायचा आणि घागरीभोवती वीतभर अंतरावर दोडक्याचे किंवा काकडीचे चार दाणे टोचायचे. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते; भोवतालची माती सुकी असली तर ते जास्त ओढले जाते आणि ओली असली तर झिरपणे आपोआप मंदावते. मातीचा वरचा थर कोरडाच राहतो, त्यामुळे उन्हाला उडवायला पाणी सापडत नाही आणि तणही फारसे उगवत नाही. आठ-दहा लिटरची घागर मेमध्येही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरली तरी पुरत असे. बाजारात आता रंग दिलेल्या गुळगुळीत घागरी मिळतात, त्या मात्र या कामाच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे अळू कधी वाफ्यात लावलेच नाही. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे, तिथे अळू आणि कर्दळ असायची. त्यासाठी वेगळे पाणी कोणी मोजले नाही.

गच्चीवरची, छत्रपती संभाजीनगर · २६ जानेवारी

मोरीच्या पाण्याबद्दल थोडी सावधगिरी सुचवते. आजीच्या काळी भांडी राखेने घासली जात. आता त्या पाण्यात साबण आणि कपड्यांची पावडर असते. पावडरीतल्या सोडियममुळे काळी माती चिकट आणि दगडासारखी घट्ट होत जाते, त्यामुळे कपड्यांचे पाणी भाज्यांना देऊ नये. भाज्या आणि डाळी धुतल्याचे पाणी मात्र अगदी निर्धोक आहे.

माझी बाग तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आहे, म्हणून पाण्याइतकीच काळजी मला क्षारांची घ्यावी लागते. दोन वर्षे मी कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंड्यांना घालत होते आणि पानांच्या कडा का करपतात ते कळत नव्हते. मग लक्षात आले की कूलरमधून उडते ते निव्वळ पाणी आणि क्षार सगळे टाकीतच राहतात; आठवडाभर वरून भर घालत राहिले की तळाला उरलेले पाणी बोअरपेक्षाही खारट झालेले असते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते त्याचेही तसेच. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते बादली लावून जरूर धरावे. कुंडीच्या काठावर पांढरा पापुद्रा दिसू लागला, की एकदा तळातून भरपूर पाणी वाहून जाईल इतके चांगले पाणी द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. थोडे थोडे मचूळ पाणी रोज शिंपडत राहणे हा सगळ्यांत वाईट प्रकार.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी दोन वाक्ये : कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवावी आणि काळ्या पिशवीला बाहेरून चुना फासावा किंवा गोणपाट गुंडाळावे, कारण दुपारी काळ्या पिशवीला हात लावला की चटका बसतो आणि मुळे त्या पिशवीला चिकटूनच असतात. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते, तेव्हा स्लॅबचाही विचार करावा. माझ्याकडे ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट आहे. तुम्हीही ती फेब्रुवारीतच बांधून घ्या.

गोदाकाठ, नांदेड · २६ जानेवारी

शेडनेट फेब्रुवारीत बांधण्याच्या मताशी मी सहमत नाही. मी तेच केले होते. भेंडी छपराला टेकेपर्यंत सरळसोट वाढली, दोन पेरांमधले अंतर वीतभर झाले आणि शेंगा मोजून अकरा मिळाल्या. भेंडी, गवार आणि चवळी ही उन्हाची पिके आहेत; त्यांना सावलीत ठेवणे म्हणजे त्यांची उपासमार करणे. पालेभाज्यांना सावली लागते हे मान्य, पण तीही मार्चअखेरपासून. नेट ६-७ फूट उंच बांधावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात, नाहीतर आतली हवा कोंडून भट्टी होते.

काळी_माती, परभणी · २७ जानेवारी

दोघांचेही बरोबर आहे. गच्चीवर चारही बाजूंनी तापणाऱ्या कुंडीची गरज वेगळी आणि जमिनीतल्या पिकाची वेगळी. लातूरच्या ताईंच्या जागेचा विचार करायचा तर सावली नेमकी कुठून येणार ते आधी पाहावे लागेल. लातूर साधारण १८.४ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. मराठवाड्याच्या उत्तर भागात हाच दिवस चार-आठ दिवसांनी येतो. म्हणजे मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीच्या सावलीचा दुपारी काही उपयोग नाही. खरा मारा दोननंतर पश्चिमेकडून होतो, तापलेली माती आणि गरम वारा हे दोन्ही तेव्हा एकत्र येतात. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून वायव्येचा कडुनिंब तुम्हाला दुपार उतरल्यावर फुकट सावली देणार आहे. पालेभाज्यांचा तुकडा त्या सावलीच्या टप्प्यात ठेवावा, मात्र झाडाच्या बुंध्याजवळ नको, कारण तुम्ही दिलेले पाणी तुमच्या आधी कडुनिंबाची मुळे पितील.

भेंडी-गवारीसाठी छपराची गरज नाही. पश्चिमेच्या बाजूला तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, पाच फुटी कूड उभा केला आणि त्यावर दोडका चढवला तर वारा अडतो आणि तिरपे ऊनही गाळून येते. पत्रा मात्र लावू नका.

परसदारी, लातूर · ९ मार्च

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते सांगते. दोन सपाट वाफे केले. एकात भेंडी, दुसऱ्यात गवार आणि कडेने चवळी. कडुनिंबापासून आठ-नऊ फुटांवर तांदुळजा आणि थोडी कोथिंबीर लावली. घागरींची तीन आळी केली : एकात दुधी, एकात दोडका, एकात काकडी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून १० फेब्रुवारीला टोचले.

घागरींची मात्र गंमत झाली. कुंभारवाड्यातून तीन घागरी आणल्या. पुरण्याआधी त्या काठोकाठ भरून रात्रभर फरशीवर ठेवल्या. सकाळी दोघींच्या अंगावर बारीक घाम सुटलेला होता आणि बुडाखाली ताटाएवढी ओल पसरली होती. तिसरी बाहेरून ठणठणीत कोरडी. पाहिले तर तिच्यावर गेरूसारखा लाल तेलकट रंग होता. फरशीच्या तुकड्याने तो रंग खरवडून काढला, तेव्हा दुसऱ्या रात्री तीही पाझरू लागली. अंबाजोगाईच्या काकांनी रंगाबद्दल सांगितले होतेच. मी ते अर्धवट वाचले होते.

वाफ्यांवर चार बोटे जाडीचे सोयाबीनचे भुसकट पसरले आहे. एक शंका आहे : भुसकटाखाली वाळवी होईल का?

गोदाकाठ, नांदेड · ९ मार्च

वाळवी कोरड्या भुसकटाला लागते. ते एकदा चांगले भिजवावे आणि रोपाच्या बुंध्यापासून तीन-चार बोटे दूर ठेवावे. भुसकट घालण्याआधी शेणखत पूर्ण कुजलेले होते ना? कच्च्या शेणखताला वाळवी आणि हुमणी दोन्ही येतात.

झारीवाला, जालना · ११ एप्रिल

धागा उशिरा वाचला. मी घागरींऐवजी सलाईनच्या नळ्या लावल्या आहेत. औषधाच्या दुकानातून नव्या आणल्या, बाटली काठीला उलटी टांगली आणि चाकाने थेंब कमी-जास्त करता येतात. वापरलेल्या नळ्या दवाखान्यातून कोणी आणू नयेत. आमचे पाणी जड असल्यामुळे नळीचे तोंड दर आठवड्याला चोंदते, एवढीच अडचण. दुपारी सगळी झाडे मान टाकतात, तेव्हा पुन्हा पाणी द्यावे का?

काळी_माती, परभणी · ११ एप्रिल

दुपारी मान टाकणे हा भोपळ्याच्या कुळातल्या वेलींचा बचाव आहे; मोठ्या पानांतून जितके पाणी जाते तितके मुळे त्या वेळेपुरती ओढू शकत नाहीत. पाहायचे ते सकाळी सहाला. सकाळी पाने ताठ असतील तर पाणी पुरेसे आहे. सकाळीही पडलेली असतील तरच कमी पडते आहे. शिवाय दुपारी गच्चीवरच्या टाकीतले आणि पाइपात साचलेले पाणी इतके तापलेले असते की त्यात हात घालवत नाही, मग ते मुळांना कसे सोसावे? पाणी पहाटे द्यावे, नाही जमले तर दिवस मावळल्यावर, आणि पाइपातले पहिले गरम पाणी बादलीत काढून घ्यावे.

परसदारी, लातूर · २२ एप्रिल

गवारीला चांगल्या शेंगा येत आहेत आणि भेंडी दिवसाआड तोडते आहे. एक दिवस चुकला की ती जून होते आणि झाड पुढची फुले द्यायला कां-कूं करते. पण भेंडीच्या पानांवर सुईच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके पडले आहेत आणि पान उलटे करून पाहिले तर बारीक जाळी दिसते. ओळखीच्या एका दुकानदाराने दोन औषधे एकत्र करून फवारायला दिली आहेत. फवारावीत का?

गच्चीवरची, छत्रपती संभाजीनगर · २२ एप्रिल

ताई, थांबा. जाळी आहे म्हणजे तो लाल कोळी. कोरड्या, गरम आणि धुळीच्या हवेत तो फोफावतो. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे किडींची बरीचशी औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे किडे मात्र मरतात. शिवाय तुम्ही दिवसाआड भेंडी तोडता, मग फवारलेली भाजी किती दिवस खायची नाही, हे त्या दुकानदाराने सांगितले का? सर्वांत जास्त माखलेली पाने तोडून पिशवीत बांधून टाका आणि तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्यानंतर आठवड्याच्या अंतराने संध्याकाळी निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांची पूड लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून दुहेरी फडक्यातून गाळली की पाच टक्क्यांचा अर्क होतो. दारात कडुनिंब असताना हे विकत घ्यायचे काम नाही. यंदाच्या निंबोळ्या पडतील तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेवा.

परसदारी, लातूर · १४ मे

कोळी आटोक्यात आला. औषधाची पुडी तशीच परत केली. पारा ४२ च्या वर गेला आहे. कोथिंबीर गेली, तिची मी आशाही ठेवली नव्हती. तांदुळजा मात्र कडुनिंबाच्या सावलीत अजून तग धरून आहे आणि वाफ्याच्या कडेला आपोआप उगवलेली घोळ आम्ही आठवड्यातून एकदा डाळीत घालून खातो आहोत.

माझी अडचण दुधीची आहे. वेल मांडवावर पसरला आहे, फुले खूप आहेत, पण करंगळीएवढे दुधी लागतात, पिवळे पडतात आणि गळतात. पाणी कमी पडत नाही, सकाळी पाने ताठ असतात.

जुने_माळवद, अंबाजोगाई · १४ मे

दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याचे काम रात्री उडणारे पतंग करतात. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी आणि कारले सकाळचे, त्यांना मधमाशी चालते. भोवती सगळीकडे सिमेंट आणि दिवे असले तर पतंग येत नाहीत, मग करंगळीएवढ्या दुधीचे पुढे काय होणार? ते काम तुम्हालाच करावे लागेल. तीव्र उन्हात नर फुले जास्त आणि मादी फुले कमी येतात, त्यामुळे एकही मादी फूल वाया जाऊ देऊ नका.

परसदारी, लातूर · २७ मे

काकांचे ऐकून १५ तारखेपासून रोज सात वाजता टॉर्च घेऊन मांडवाखाली जाते आहे. नर फुलाचा देठ लांब आणि सडपातळ असतो. मादी फुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी आधीच बसलेला असतो, हे मी इतकी वर्षे दुधी चिरूनही पाहिले नव्हते. नर फूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. बोटाला पिठासारखी भुकटी लागते. पहिल्या दिवशी तीन फुले केली. एक गळाले. दोन दुधींचे देठ चौथ्या दिवशी जाड झाले आणि त्यांच्या माना खाली वळल्या, तेव्हा मी सासूबाईंना टॉर्च धरायला बोलावले. आता टॉर्च त्यांच्याकडे असतो आणि नर फूल कोणते, मादी कोणते, हे त्याच मला सांगतात.

झारीवाला, जालना · २८ मे

पाण्याचा हिशेब शेवटी कुठे बसला, तेवढे सांगाल का? मी पुढच्या वर्षी त्यावरूनच वाफे आखणार आहे.

परसदारी, लातूर · ११ जून

उशिराबद्दल क्षमस्व. वहीत लिहून ठेवले होते, ते पाहून सांगते. मेमध्ये भुसकट आणि तुऱ्हाट्यांचा कूड असल्यामुळे भेंडी आणि गवार या दोन वाफ्यांना मिळून रोज ३० ते ३२ लिटर पुरले. तांदुळजाच्या तुकड्याला ८ लिटर. तीन घागरी एक दिवसाआड भरल्या, म्हणजे रोजचे सुमारे १२ ते १३ लिटर. बेरीज ५० च्या आसपास राहिली आणि उरलेले पाणी पक्ष्यांच्या परळात आणि कढीपत्त्याला गेले. फक्त २० मे ते २६ मे या आठवड्यात नळाला दोन दिवस उशिरा पाणी आले, तेव्हा चवळी मी जाणूनबुजून तोडून टाकली आणि तिचे पाणी भेंडीला दिले. तिसरा वाफा केला असता तर त्या आठवड्यात तिन्ही गेले असते.

भाजी विकत आणलीच नाही असे मी म्हणणार नाही. टोमॅटो, कोथिंबीर आणि बटाटे बाजारातूनच आले. भेंडी आणि गवार मात्र मार्चअखेरपासून घरचीच. दुधी पाच मिळाले, सहावा बियांसाठी वेलीवर ठेवला आहे आणि त्याला सासूबाईंनी जुन्या साडीची झोळी बांधली आहे.

परवा मृगाची पहिली सर आली. भुसकटाखालची माती उकरून पाहिली तर वीतभर ओल आहे. टोमॅटोचे बी काल ट्रेमध्ये टाकले.